पळीभर तेल

भंगारवाल्याच्या काट्याइतका निःपक्षपाती न्यायाधीश मी दुसरा पाहिला नाही. आजीच्या देवघरातली फुटकी समई असो वा कारखान्यातला मोडका शाफ्ट असो. त्याच्यापुढे उभे राहिले की दोघांचाही इतिहास पुसला जातो आणि उरते ते केवळ वजन. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या मळ्यातल्या जुन्या ऑइल इंजिनावर या न्यायाधीशापुढे उभे राहण्याची पाळी आली, आणि त्याचा वकील म्हणून मला उभे राहावे लागले. वकिली करण्याजोगे यंत्रशास्त्राचे ज्ञान माझ्यापाशी मुळीच नव्हते. उलट त्या इंजिनाच्या बाबतीत मी गेली त्रेपन्न वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतो.

पंचगंगेला पूर येणे ही आम्हा प्रयागकाठच्या माणसांना नवलाची गोष्ट नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि न दिसणारी सरस्वती अशा पाच बहिणी जिथे एकत्र येतात, तिथे श्रावणात थोडी गर्दी व्हायचीच. पण त्या वर्षीचे पाणी निराळे होते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात. पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. आमच्या मळ्यातली इंजिनाची खोप आठवडाभर पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघे भाऊ तिथे गेलो, तेव्हा विहिरीवरची विजेची मोटर जळालेली होती, ऊस चिखलात लोळत होता, आणि खोपीच्या मधोमध गुडघाभर गाळात ते इंजिन एखाद्या दमलेल्या रेड्यासारखे बसले होते.

"दादा, आता ह्याला घालवूया," धाकटा म्हणाला. "पंचवीस वर्षांत एकदाही चालू झालं नाही. खंडेनवमीला हार घालायला तेवढं ठेवलंय आपण."

त्याचे म्हणणे खरे होते. १९९४ साली आबा गेले आणि त्यांच्यामागून ते इंजिन कोणाच्याच हाताला लागले नाही. दोघांनी मिळून हँडल मारावे, चाके गरागरा फिरवावीत, धुराड्यातून एखादी पांढरी उसळी निघावी आणि पुन्हा सारे शांत व्हावे! 'आबांचं इंजिन आबांनाच ओळखायचं', असे गावातले लोक म्हणत. आम्हालाही ते पटले होते. एखादी गोष्ट समजेनाशी झाली की तिला भक्तीचा शेंदूर फासणे हा आपल्याकडचा जुना उपाय आहे.

भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. मी खोपीत उगीचच गाळ उकरीत बसलो असताना भिंतीखालच्या चिखलात हाताला काहीतरी लागले. धुऊन पाहिले तो आबांची पितळी पळी! एके काळी ती देवघरातली होती. तिचा दांडा वाकला म्हणून आईने ती टाकून दिली आणि आबांनी ती इंजिनाजवळच्या खुंटीला टांगली. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते या पळीने थोडे तेल हवेच्या नळीत ओतीत, मग क्षणभर थांबून हँडलला हात घालीत. लहानपणी मला हा सारा विधी संध्येसारखा वाटे. आचमन झाल्यावाचून इंजिन प्रसन्न होत नाही, अशी माझी समजूत होती. पळी हातात घेऊन मी घरी आलो आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला.

या निर्णयामागे पितृभक्ती होती असे वाचकांना वाटेल. तसे नव्हते, निदान केवळ तसे नव्हते. त्यासाठी मला १९६६ च्या जानेवारीतली एक रात्र सांगितली पाहिजे.

त्या काळी आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चाले. इंजिनाच्या चाकावरून पट्टा चरकाकडे जाई, चरकातून रस हौदात, हौदातून काहिलीत. चुलवाणात चिपाडे ढणढणत, रानभेंडीच्या रसाने मळी वर येई आणि गुळव्या फावड्याच्या टोकाला लागलेला पाक बोटाने चाखून काहिल उतरवण्याची घटका ठरवी. ह्या साऱ्या प्रपंचात मला एकच काम होते. इंजिनाशेजारी पाण्याचे एक पिंप होते. इंजिन तापले की त्यातले गरम पाणी आपोआप वर चढून वरच्या नळीने पिंपात यावे आणि पिंपातले गार पाणी खालच्या नळीने इंजिनात जावे, अशी सोय होती. पंप नाही, पंखा नाही. केवळ गरम पाणी हलके असते या निसर्गनियमावर सारा कारभार. मात्र पिंपातले पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले की हा फेरा तुटतो. म्हणून मी अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचे होते.

मी त्या रात्री कंदिलाच्या उजेडात कादंबरी वाचीत होतो. नायिका कोणत्या संकटात होती ते आता आठवत नाही, पण ती सुटेपर्यंत मला बादलीची आठवण झाली नाही एवढे खरे. इंजिनाचा आवाज एकाएकी बदलला. कण्हल्यासारखे करून ते मंदावले आणि थांबले. आबा धावत आले. त्यांनी पिंपात हात घातला. वरच्या नळीचे तोंड उघडे पडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले, आणि काही न बोलता ते शेजारच्या मळ्यातून इंजिन मागून आणायला निघून गेले. तोडून ठेवलेला ऊस वाळत होता, हौदातला रस आंबत होता. त्या आधणाचा गूळ काळा निघाला.

आबांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी मला इंजिनाला हात लावू दिला नाही. जूनमध्ये मी मॅट्रिक झालो आणि त्यांनी मला कोल्हापुरात कॉलेजात घातले. पुढे मी शिक्षक झालो, पुस्तकांतच वाढलो, पुस्तकांतच म्हातारा झालो. लोक मला भाग्यवान म्हणत. मला मात्र आत कुठेतरी वाटत राही की, मी मळ्यातून निवडून काढलेला नव्हे, टाकून दिलेला मुलगा आहे.

असो. इंजिनासाठी मी शिवाजी उद्यमनगरात एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला अंबाबाई, कुस्ती, चपला आणि तांबडा रस्सा आठवतो. पण या गावाच्या अंगात आणखी एक गुण आहे, तो म्हणजे पाहिलेली वस्तू आपल्या हाताने करून पाहण्याची खुमखुमी. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली दामल्यांच्या साहाय्याने चलच्चित्रांचा कॅमेरा याच गावात घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी किर्लोस्करांच्या स्वाधीन केल्या, अशी हकीकत सांगतात. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी या मातीत यंत्रांचा धंदा रुजवला. इंग्लंडातल्या डर्स्ली गावी १९३० च्या सुमारास लिस्टर कंपनीने संथ फेरे घेणारे डिझेल इंजिन काढले. तसल्या विलायती इंजिनांचे नमुने डोळ्यांपुढे ठेवून कोल्हापूरच्या ओतशाळांतून विहिरींची आणि गुऱ्हाळांची इंजिने बाहेर पडू लागली. पुढे खेडोपाडी वीज पोहोचली, इंजिनांची मागणी आटली, आणि त्याच ओतशाळा मोटारींचे सुटे भाग ओतू लागल्या. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्या त्यावरच पेटतात. आमचे इंजिन त्या मधल्या पिढीतले. त्याच्या अंगावर ओतलेली अक्षरे गंजाने इतकी खाल्ली होती की त्याचे कुलनाम लागत नव्हते.

मेस्त्रींनी मळ्यात येऊन इंजिनाभोवती एक फेरी मारली. धाकट्याने उत्साहाने हँडल उचलले, तेव्हा ते ओरडलेच. "फिरवू नका! आत वाळू हाय. बुडालेल्या माणसाला कोण पळायला लावतं काय?"

दुरुस्तीतला हा पहिला धडा. मला वाटे, मेस्त्रीचे काम म्हणजे ठोकाठोकी. परंतु पहिले बारा दिवस या माणसाने हातोडा उचललाच नाही. खालचे झाकण उघडून त्यांनी आतले पाणी आणि चिखल काढला, डिझेलने पोट तीनतीनदा धुतले. वरच्या बाजूची नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि तेल यांचे मिश्रण आत ओतले आणि म्हणाले, "आता रोज सकाळी चाकाला हात लावून बघा. नुसता हात. जोर न्हाई."

मी रोज सकाळी जाई, चाकाला हात लावी. चाक दगडासारखे स्थिर. आठव्या दिवशी मला आपण स्वतःची फसवणूक करून घेत आहोत असे वाटू लागले. तेराव्या दिवशी मात्र चाक सुतभर हलले. मागे गेले, पुढे आले. उभ्या आयुष्यात विद्यार्थ्यांच्या निकालाने मला झाला नसेल इतका आनंद त्या सुतभर हालचालीने झाला.

मग हेड उतरले. दोन्ही व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकींवर वाळूच्या मलमाने घासून बसवायचे काम मेस्त्रींनी मला दिले. तळहातांच्या मध्ये काठी धरून, ताक घुसळावे तसे, इकडून तिकडे फिरवायचे. बैठकीवर सगळीकडे एकसारखी करडी रेघ उमटली की काम झाले. आपल्या मते ते झाले की मेस्त्री त्यावर रॉकेल ओतीत आणि दुसऱ्या बाजूने एक थेंब जरी झिरपला तरी, "अजून जरा, गुरुजी," म्हणत. जन्मभर मी मुलांच्या वह्यांवर हेच शब्द लिहीत आलो होतो. नोझलचे बारीक छिद्र उघडून तिचा फवारा धुक्यासारखा पडतो की धारेसारखा, ते पाहिले. बेअरिंगला निळा रंग लावून, शाफ्ट फिरवून, कुठे रंग पुसला जातो ते पाहिले आणि तेवढाच उंचवटा पात्याने खरवडला.

आणि एके दिवशी पिस्टन वर ओढून काढला. मेस्त्रींनी लायनर फडक्याने पुसला, आत बॅटरीचा झोत टाकला आणि मला बोलावले. त्या गुळगुळीत नळकांड्याच्या अंगावर वरून खाली गेलेले दोन खोल ओरखडे होते.

माझ्या पोटात धस्स झाले. त्रेपन्न वर्षांपूर्वीचा माझा अपराध तिथे कोरून ठेवला होता! मी मेस्त्रींना ती रात्र सांगितली. पिंप, कादंबरी, सारे काही. इतक्या वर्षांत मी ती कोणालाच सांगितली नव्हती. त्यांनी ऐकून घेतले, पुन्हा आत झोत टाकला, ओरखड्यांवरून नख फिरवले.

"पाण्यानं असं न्हाई होत, गुरुजी. इंजिन तापून धरलं, तर पिस्टन फुगतो. मग दोन्ही अंगांना रुंद चट्टे पडतात, भाजल्यासारखे. ह्या रेघा बारीक हाईत, एकाच बाजूच्या हाईत. रिंग तुटली आन् तिचा तुकडा घासत गेला. रिंग जुनी असली की तुटणारच. त्या रात्री तुमच्या जागी मी असतो, तरी तुटली असती."

"पण पाणी कमी होते हे खरे ना?"

"ते खरं," मेस्त्री म्हणाले. "तासाभरात तेही नडलं असतं. पण त्याच्याआधी रिंगच तुटली."

न्यायालयाने निर्दोष सोडावे, पण शुद्ध चारित्र्याचा दाखला मात्र देऊ नये, असा तो निकाल होता. मी पिस्टन हातात घेऊन खोपीच्या उंबऱ्यावर बसलो. आबांना हे ठाऊक होते काय? त्या वेळी त्यांनी हेड उतरवून घेतले होते, नव्या रिंगा घातल्या होत्या. तुटका तुकडा त्यांच्या हाती आलाच असेल. मग त्यांनी मला का सांगितले नाही? की ते विसरून गेले? की पिंप आणि पुस्तक त्यांनी पाहिलेच होते, त्यामुळे पुढच्या पुराव्याची त्यांना गरज वाटली नाही? अथवा, आणि हा विचार मला आता जास्त पटतो, त्या रात्री माझ्या हातातली कादंबरी पाहून हा मुलगा कुठे रमणारा आहे एवढेच त्यांनी ताडले असेल, आणि मी शिक्षा समजून जे आयुष्यभर वागवले, ते त्यांच्या लेखी केवळ एक साधे निरीक्षण असेल. मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही. आपण आपल्याला सोसेल ते उत्तर त्याच्या तोंडी घालतो, हे मी जाणून आहे.

एक गोष्ट मात्र लोखंडानेच सांगितली. आबांनी रिंगा बदलल्या, लायनर बदलला नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसाने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे जे इंजिन चालवून दाखवले, त्याचे मर्म एवढेच की, हवा जोराने दाबली म्हणजे ती तापते, आणि पुरेशी तापली म्हणजे तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेते. हवा पंधरा-सोळा पटींनी दाबावी तेव्हा तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते. लायनरला ओरखडे असले की दाब त्यातून निसटतो, हवा पुरती तापत नाही, तेल पेटत नाही. मग त्यावर उपाय काय? पळीभर जाडे तेल! ते ओरखड्यांत भरून पहिल्या दोनचार फेऱ्यांपुरता दाब अडवून धरते. एकदा इंजिनाने पेट घेतला की चाकांचा वेग आणि अंगातली ऊब पुढचे काम निभावून नेतात. आबांची पळी हे आचमन नव्हते. ते एका जखमेवरचे रोजचे औषध होते. आमच्या इंजिनाचा निळसर धूर, ज्यावरून लोक लांबूनच आमचा मळा ओळखीत, तो त्याच जखमेचा होता. नवा लायनर पुढच्या हंगामात घालू, असे त्यांनी त्या वर्षी ठरवले असेल. पण त्याच जूनमध्ये माझी फी, माझी खाणावळ आणि माझी पुस्तके आली. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा आली. हिशेबाची वही माझ्यापाशी नाही, तेव्हा हे मी शपथेवर सांगणार नाही.

नवा लायनर उद्यमनगरात मापाने कातून घेतला. तयार मिळण्याजोगा तो राहिला नव्हता. एका ओतशाळेने नळकांडे ओतून दिले, एका लेथवाल्याने ते आतून-बाहेरून कातले, आणि मेस्त्रींनी ते बसवण्यापूर्वी तीनदा परत पाठवले. २०२० च्या फेब्रुवारीत एका सकाळी इंजिन पुन्हा पायावर उभे राहिले. डिझेलच्या नळीतली हवा काढली. पेचातून बुडबुडे यायचे थांबून अखंड धार आली. मी खुंटीवरची पळी काढली, तेल भरले आणि हवेच्या नळीकडे हात नेला.

"काय करताय?" मेस्त्रींनी माझे मनगट धरले. "आता नको! लायनर नवा, रिंगा नव्या. असलं फुकटचं तेल आत गेलं, तर इंजिन त्याच्यावरच पळत सुटंल, मग डिझेल बंद केलं तरी थांबायचं न्हाई."

मी ओशाळलो. त्यांनी दाब सोडायची कळ उचलून धरली, पुतण्याला हँडल मारायला सांगितले. जड चाके फिरू लागली, वेग आला, कळ खाली पडली आणि पहिल्याच ठोक्याला इंजिन बोलले. धूर आला तो फिकट, क्षणभराचा. आवाज मात्र तोच. मिनिटाला सव्वातीनशे ठोके, आणि प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये चाकांनी सांभाळून नेलेली ती किंचित शांतता. मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला टेकवली, बराच वेळ डोळे मिटून ऐकले आणि मान डोलावली. धाकटा माझ्याकडे पाहत नव्हता. तो डोळे पुशीत होता आणि धुराला दोष देत होता. परंतु मघाशीच सांगितल्याप्रमाणे धूर फारसा नव्हता.

मला त्या क्षणी आनंदाबरोबर एक चुटपुट लागली, ती कबूल केली पाहिजे. आबांनाच ओळखणारे इंजिन आता कोणालाही ओळखू लागले होते. त्याचा दोष गेला आणि दोषाबरोबर त्यांचे कसबही गेले. पण दुरुस्ती म्हणजे दुसरे काय? जे एका माणसाच्या हातगुणावर अडून होते ते चार माणसांच्या हाती देणे, हेच ना तिचे प्रयोजन? आबांनी अडचण होती म्हणून जखम सांभाळली. अडचण सरल्यावरही ती सांभाळीत बसणे ही त्यांची आठवण नव्हे.

इंजिनाला महिन्यातून एकदा चालवावे लागते. नाहीतर रिंगा धरतात, नोझल चिकटते. म्हणून दर पौर्णिमेला पुतण्या ते तासभर चालवतो. २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढू लागली, तेव्हा आम्ही ते वेळीच ट्रॉलीवर घालून उंचावर नेले. पाणी उतरल्यावर वीज येईपर्यंत त्याने आमची आणि शेजारच्या दोन मळ्यांतल्या विहिरींची घाण उपसून दिली. शेजाऱ्यांपैकी एक घर ते, ज्यांचे इंजिन आबांनी त्या रात्री मागून आणले होते.

पळी मी घरी नेऊन देवघरात ठेवणार होतो. मेस्त्रींनीच ती थांबवली. "ती हितंच असू दे. वरच्या रॉकरांना हातानं तेल घालावं लागतं, रोज सुरू करायच्या आधी. त्याला हीच बरी." आता ती पुन्हा आपल्या खुंटीवर आहे. पुतण्या तिने दोन्ही रॉकरांवर चार चार थेंब सोडतो, दांडा फडक्याला पुसतो आणि मग हँडलला हात घालतो. मी पिंपाशेजारी बसतो. हातात पुस्तक असते. पण दर दहा मिनिटांनी उठून पाणी पाहतो.